लाइट गेल्याची सुट्टी

रोहिणीला भांडखोर म्हणणारी माणसं बारामतीत पुष्कळ निघतील. मी त्यांच्यातला नाही. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो, आणि तिनं भांडायला फार उशीर केला, एवढीच माझी तक्रार आहे.

मी खिळे जुळवणारा माणूस. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळी लावण्यात माझी हयात गेली. शहाण्णव साली मोहनरावांनी प्रेसमध्ये कंप्युटर आणला, माझे खिळे पोत्यात गेले आणि मला लग्नपत्रिकांच्या घड्या घालायला बसवलं. त्या कंप्युटरवर बसणाऱ्या पोरीशी माझं वाकडं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. पण आमचं जमलं. ती जळोचीची, म्हस्कू आबांची लेक. आबांनी मेंढरं विकून शेतीत जम बसवलेला, आणि पोरीनं बारावीनंतर डीटीपीचा कोर्स केलेला. सायकलवर यायची, "अप्पा, च्या झाला का?" म्हणायची आणि कामाला बसायची.

बसायची कुठं, ते ऐका. मोहनरावांनी दुकानाला रस्त्याच्या बाजूनं अख्खी काच लावून घेतली होती. गावात प्रेस चार, पण कंप्युटर आपल्याकडं, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे ना. म्हणून त्याचं तोंड रस्त्याकडं, आणि तो उंच दिसावा म्हणून खाली माझी केस, म्हणजे खिळे ठेवायची खणांची लाकडी पेटी. रोहिणी रस्त्याकडं पाठ करून, मान वर करून बसायची. दुपार कलली की मावळतीचं ऊन थेट स्क्रीनवर. पोरगी डोळे बारीक करून ओळी शोधायची. मी म्हटलं, पडदा लावा. मोहनराव म्हणाले, "पडदाच लावायचा तर काच कशाला बसवली, अप्पा?"

त्यात मुहूर्ताच्या दिवशी त्यांच्या आईनं स्क्रीनवर बोटानं कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, आणि ते पुसायचं नाही असा मालकांचा हुकूम. तिसऱ्या दिवशी रोहिणीनं ओढणीच्या टोकानं ते पुसलं. मोहनरावांनी कपाळाला हात लावला.

"देव भिंतीवर हाय, मालक," ती म्हणाली. "हितं पत्रिकेतल्या नवऱ्याचं नाव हाय, ते दिसाय नगं का?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं, ही पोरगी वेगळी आहे.

आपल्याकडच्या लग्नपत्रिका तुम्ही बघितल्याच असतील. नवरा-नवरीला दोन ओळी आणि बाकी सगळा मुलूख. निमंत्रक, विनीत, कार्यवाहक, मामा, मावसे, सोसायटीचे चेअरमन, दूध डेअरीचे सचिव, आणि खाली "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" म्हणून जी पोरं अजून रांगत आहेत ती. एक नाव राहिलं तर जन्माचा रुसवा. कागद तेवढाच, नावं वाढती, म्हणून अक्षर बारीक, मग आणखी बारीक. ती मुंगीएवढी अक्षरं रोहिणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचायची, तीही उजेडानं पांढऱ्या पडलेल्या स्क्रीनवर.

डोकं दुखायला लागलं ते आधी कपाळात, मग डोळ्यांच्या मागं. पण त्या वेळी लाइट जायची. जायचीच. लाइट गेली की ती मागच्या दारात जाऊन उभी राहायची, तोंडावर पाणी मारायची, लांब बघत बसायची, आणि परत येईपर्यंत डोकं उतरलेलं असायचं. हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं आणि माझ्याही. मग ऐन लग्नसराईत मोहनरावांनी इन्व्हर्टर आणला. सगळ्या आळीत अंधार आणि आमचा कंप्युटर चालू. मालकांची छाती फुगली. पोरीची तेवढी एक विश्रांती होती, तीही गेली. पंधरवड्यात तिला उलट्या सुरू झाल्या.

घरी सिंधुबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. काचेत बसलेली पोर, सगळा गाव बघतोय, दृष्ट लागणारच. म्हस्कू आबांनी सरळ सांगितलं, "झेपत न्हाय तर सोड. औंदा तुजं बी उरकून टाकू." मालकांनी डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीटच आणून टेबलावर ठेवलं. कामाचा नाद सोड नाहीतर डोळ्यांची आशा सोड, असं दोन्हीकडून चाललं होतं. मला याचा फार राग यायचा. तिला काम आवडत होतं. तिनं लावलेली पत्रिका बघून, आयुष्यभर हेच केलेला मी, मनात वा म्हणत होतो.

शेवटी ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेली. सिंधुबाई सोबत गेल्या होत्या, आणि त्यांचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकलेला. चष्मा लागला तर पोरीला करून कोण घेणार. डॉक्टर म्हणाले, नंबर नाही, डोळे चांगले आहेत. टक लावून बघताना तू पापणी मिटायचं विसरतेस, डोळे कोरडे पडतात. तासाभरानं ऊठ, लांबचं काहीतरी बघ, डोळे मिचकाव. स्क्रीन नजरेच्या जरा खाली असू दे आणि तिच्यावर उजेड पडू देऊ नको.

दुसऱ्या दिवशी तिनं हे मोहनरावांना जसंच्या तसं सांगितलं. टेबल आडवं करू या, काच बाजूला येईल. मालक म्हणाले, "लग्नसराई हुं दे, मग बघू." लग्नसराई झाली की दिवाळी येते, दिवाळी झाली की परत लग्नसराई येते. मालकांचं 'मग' कधी येत नाही, हे मी वीस वर्षं बघत होतो.

रोहिणीनं वाट बघितली नाही. तास झाला की उठायची, मागच्या दारात जाऊन लांबच्या पाण्याच्या टाकीकडं बघायची.

"इन्व्हर्टर आणलाय ना मी," मालक वैतागले.

"तुमी कंप्युटरला आणलाय. मी लाइट गेल्याची सुट्टी घेतीया."

मग आळीत कुजबूज सुरू झाली. जवान पोरगी दारात उभी राहून कुणाकडं बघते? मोहनरावांनी तेही तिच्या कानावर घातलं. "लोकं इचारतात, कुणाला बघती म्हणून."

"टाकीला बघती म्हणून सांगा," ती म्हणाली.

आणि मग माळेगावचे सर्जेरावतात्या आले. पोराचं लग्न, ऊस दांडगा, पाहुणे त्याहून दांडगे. नावांचे कागद पिशवीत भरून आणलेले. तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि स्क्रीनवर बोट ठेवून एकेकाला वर-खाली करू लागले. हा वर घ्या, तो आमच्या विरोधात गेलता, त्याला खाली घ्या. वरून अक्षर आणखी बारीक करा, व्याह्यांचा भाचा राहिला. मावळतीचं ऊन आलेलं. पोरीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, मी घड्या घालता घालता बघत होतो. ती उठली.

"कुठं निगाली?" तात्यांनी विचारलं.

"डोळ्यास्नी जरा सोडून येते."

तात्यांनी तिला सोडून मालकांकडं बघितलं. "मोहनराव, आमी हितं बसलोय आन पोरगी उठून चालली. ह्यो काय परकार हाय?"

"बस खाली, रोहिणी," मोहनराव म्हणाले.

"आल्यावर बसते."

"आत्ता बसायचं नसंल तर उद्या यायचं बी न्हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं, ओढणीनं डोळे पुसले, पुढच्या दारानं बाहेर पडली आणि सायकल काढून गेली. रडून गेली असं नंतर आळीत पसरलं. खोटं आहे. ते पाणी उन्हाचं होतं.

पत्रिका अर्धी तशीच. कंप्युटरवर बसेल असं गावात दुसरं कुणी मिळेना. तात्यांचा माणूस दिवसातून तीनदा येऊन जायचा. तिसऱ्या दिवशी मोहनरावांनी मला स्कूटरवर मागं बसवलं आणि आम्ही जळोचीला गेलो.

म्हस्कू आबा ओट्यावर बसले होते. सिंधुबाईंनी चहा ठेवला. रोहिणी चौकटीला टेकून उभी. मोहनराव तिच्याकडं न बघता आबांशी बोलू लागले. पोरगी हुशार आहे, आपल्याच लेकीसारखी आहे, पण जरा तापट आहे, तुम्ही चार शब्द समजावून सांगा. मला वाटलं, झालं. आबांचं तर काम सोड असंच म्हणणं होतं.

आबांनी चहाचा घोट घेतला. "मालक, मी तिला सोड म्हणलं, तिनं माजं ऐकलं न्हाय. तुमी बस म्हणलं, तुमचं ऐकलं न्हाय. डोकं तिचं दुखतंय. मला काय इचारता? तिलाच इचारा."

मोहनरावांनी माझ्याकडं बघितलं. मी काहीच मदत केली नाही. शेवटी त्यांनी मान वळवली.

"दुखतंय का गं अजून?"

इतक्या महिन्यांत हे त्यांनी तिला पहिल्यांदा विचारलं.

"घरी हाय तवापासनं न्हाय दुखलं," रोहिणी म्हणाली. "म्हंजी डोकं बरं हाय. जागा वाईट हाय. टेबल आडवं हुणार आसंल, कंप्युटरखालची ती खिळ्यांची केस काढणार आसाल, आन मी उठल्यावर कुनी कुठं निगाली म्हणून इचारणार नसंल, तर येते. आन आत्ता पत्रिकेत हाय त्याच्यापरास बारीक अक्षर मी लावणार न्हाय. तात्यांस्नी म्हणावं, मान्सं कमी करा न्हायतर कागद मोठा घ्या."

"आन न्हाय जमलं तर?"

"तर तुमचा कंप्युटर रस्त्यावरनं दिसतुयाच की. बसवा कुणाला बी."

मोहनरावांनी कप खाली ठेवला. "बरं बाई. टेबल मी आजच फिरवून ठेवतो."

"ऱ्हाऊ द्या. तुमच्या हातनं ते परत रस्त्याकडंच जाईल. मीच फिरवते."

आणि आम्ही स्कूटर चालू करेपर्यंत तिनं सायकल काढली आणि आमच्या पुढं निघाली.