मोर्शीच्या सर्व्हरचे ताप

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. सर्व्हरवरची लॉग फाईल जशी आपोआप फुगत जाते, तसे ते फुगतात. अधूनमधून थोडे बाहेर काढले नाहीत तर डोकं भरतं आणि मग आपणच बंद पडतो! आज काढतेच, कारण आत्ताच मोर्शीहून पुन्हा एक फोन येऊन गेलाय आणि मी तापलेली आहे.

मी अमरावतीची. अकोल्याचा संजूभाऊ आणि मी मिळून लोकांच्या वेबसाइट चालवतो. त्यातली एक मोर्शीच्या संत्रा उत्पादकांच्या संघाची. काम एकच, बाहेरच्या बाजारांतले संत्र्याचे भाव रोज साइटवर दाखवायचे. पण संघाचे अध्यक्ष भाऊसाहेब यांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, “सर्व्हर भाड्यानं घ्याचा नाही. आपली वस्तू आपल्या डोयासमोर पाह्यजे!” तेव्हापासून तो बिचारा संघाच्या ऑफिसात काचेच्या कपाटात बसलाय. वर कप-बशा, खाली सर्व्हर.

आता हा भाव कोणाला लागतो? शेंदूरजनाघाटच्या निर्मलाकाकूंना लागतो. काका गेल्यापासून बाग त्या एकट्या सांभाळतात. व्यापारी बागेच्या धुऱ्यावर येऊन बसतो आणि खुशाल म्हणतो, “बाई, भाव पडला.” काकू मोबाइल त्याच्या नाकासमोर धरतात. मोबाइलवर आकडा असला तर सौदा त्यांच्या मनासारखा, नसला तर व्यापारी म्हणेल तो भाव! वर्षाचं घर त्या एका सौद्यावर चालतं. म्हणून साइट आडवी झाली की पहिला फोन त्यांचाच येतो. मला त्या फोनची जेवढी धास्ती, तेवढी भाऊसाहेबांच्या दहा फोनची नाही.

*

जरा समजून घ्या. वेब सर्व्हर म्हणजे पंगतीत वाढणारा. पीएचपी म्हणजे आत स्वयंपाक करणारी. दोघांची ओळख सेटिंगमध्ये करून द्यावी लागते. ती राहिली, तर वाढणारा शहाणा भाजीऐवजी भाजीची कृतीच ताटात आणून ठेवतो!

साइट सुरू झाली त्या दिवशी तेच झालं. ओळख करून द्यायची संजूभाऊ विसरला आणि साइट उघडल्यावर भावाच्या जागी आमचा सगळा कोड अख्ख्या जगासमोर उघडा! त्यात डेटाबेसचा पासवर्डसुद्धा. पासवर्ड होता ‘संत्रा’. तो भाऊसाहेबांनीच निवडलेला.

मी धावत मोर्शी गाठली, तर भाऊसाहेब स्क्रीनसमोर खूश! “आज पह्यल्यांदा काही कामाचं दिसलं बावा! एवढं लिहिलं कोनं?”

म्हटलं, “भाऊसाहेब, हे दिसायला नको. लगेच बंद करते.”

“हात नका लावू! संध्याकाळी संचालकांची मीटिंग हाय. त्यायले दाखवू द्या, पैसे कुठी गेले थे!”

संध्याकाळपर्यंत आमची तिजोरी सताड उघडी होती. आणि संचालकांनी अभिनंदनाचा ठराव केला!

*

संजूभाऊ मनाचा सोन्यासारखा, पण सर्व्हरच्या बाबतीत त्याला एकच औषध माहीत. पीएचपी म्हणालं, ‘या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही’, की हा गडी सगळ्या जगाला सगळी परवानगी देऊन मोकळा!

मी तडकले. “संजूभाऊ, दार सताड उघडं ठेवलंस!”

“ताई, आपलंच घर हाय ना. कुलूप काहून लावून राहिल्या तुमी?”

त्याच आठवड्यात कोण कुठले परदेशी चोर आत शिरले आणि संत्र्याच्या साइटवर पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती झळकू लागल्या. काकूंचा फोन आला. आवाजात राग नव्हता, काळजी होती.

“ताई, भाव पाहाले गेली त जुगार लागून राहिला. आपल्या संघानं नवा धंदा काढला काय?”

शरमेनं मान खाली गेली हो माझी! संजूभाऊ मात्र म्हणाला, “पाहा, साइटवर गर्दी केवढी वाढली!”

*

भाऊसाहेबांचा वाढदिवस आला. कोण्या फोटोग्राफरनं फेटा घातलेला त्यांचा फोटो काढला. फोटो कसला, भिंत! पीएचपीनं तो घ्यायला साफ नकार दिला, कारण एवढी मोठी फाईल घ्यायची नाही असं सेटिंगच असतं. ते शहाणपणानं ठेवलेलं असतं.

“माह्याच साइटवर माहाच फोटो घेत नाही म्हंते? कोनाचा नोकर हाय थो?”

समजावून थकले. फोटो लहान करून देते म्हटलं, तर म्हणाले, “लहान काहून? मी काय लहान हाओ?” शेवटी मर्यादा वाढवावी लागली आणि फोटो साइटच्या अगदी माथ्यावर, भावाच्या वर बसला.

आता शेंदूरजनाघाटच्या बागांत नेटवर्क म्हणजे असलं तर असलं. भर सौद्यात काकूंचा फोन.

“ताई, व्यापारी बाजूले बसून हाय. भाव कधी येईन?”

“काकू, आता काय दिसतंय?”

“भाऊसाहेब उतरून राहिले वरून. फेटा आला, डोये आले. आता मिशी चालू हाय.”

मागून व्यापाऱ्याचं हसणं ऐकू आलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी अध्यक्षांना न विचारता अध्यक्षांना कापलं. थेट अंगठ्याएवढे केले!

*

मग घड्याळाचा किस्सा. पीएचपीला आपण कुठे राहतो हे सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ते आपलं लंडनच्या आसपासच्या वेळेनं चालतं. त्यामुळे आपल्याकडे तारीख बदलली तरी साइटवर पहाटेपर्यंत कालचाच दिवस. अंधारात गाडी भरणाऱ्या माणसाला शिळा भाव! काकूंनीच ओळखलं, “ताई, तुमचा सर्व्हर उशिरा उठते काय?”

मी सेटिंग बदलायला गेले, तर भाऊसाहेबांनी अडवलं. संजूभाऊनं त्यांना कारण सांगून टाकलं होतं.

“लंडनचा टाइम हाय म्हंता? मंग राहू द्या! निर्यातीले बरं दिसते!”

“आणि आपल्या लोकांना शिळा भाव दिसतो, त्याचं काय?”

“थे दुपारी पाह्यतीन.”

मी तिथल्या तिथे सेटिंग बदललं आणि उठले. त्यांना अजून वाटतं, सर्व्हर लंडनच्या वेळेनं चालतो. परवाच्या आमसभेत टाळ्यासुद्धा घेतल्या म्हणे त्यावर!

*

आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे खंडेनवमी.

त्या दिवशी पूजेचं बोलावणं होतं म्हणून मी मोर्शीला गेले. बघते तो सर्व्हर पाटावर! अंगभर झेंडूच्या माळा, हळदकुंकवाची बोटं, हवा जायच्या जाळीत अक्षता. आणि बंद!

संघाच्या मॅनेजरला विचारलं, “मॅनेजरसाहेब, बंद का केलाय?”

“ताई, पूजेत ठेवलेलं अवजार चालवत नाहीत. नांगर चालवता काय? वखर चालवता काय? भाऊसाहेबाइच्या हातून पूजा होईन, मंग चालू.”

“आणि भाऊसाहेब?”

“निंगले हायेत अमरावतीहून.”

“अहो, बाजार चालू आहे आज! तुमचा फ्रिज बंद केलात का घरी?”

“फ्रिजची कुठी पूजा करतो आमी?”

ऐन आंबिया बहाराच्या तोडीचे दिवस, बागाबागांतून सौदे चाललेले, आणि आमचा भाव माळा घालून पाटावर. तेवढ्यात व्हायचं तेच झालं, काकूंचा फोन. व्यापारी आलाय, भाव खूप पडला म्हणतोय, आज सौदा झाला नाही तर पुढच्या बागेत जातो म्हणतोय. मी खरं ते सांगितलं.

“तिथीच थांबा,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

भाऊसाहेब काही आले नाहीत. आली ती व्यापाऱ्याची जीप. पुढून व्यापारी उतरला, मागून काकू. हातात नारळ. “भाव खरा पडला असन त चाल संघात, तिथीच सौदा,” असं बोलून त्यांनी त्यालाच गाडी काढायला लावलं होतं.

चपला बाहेर काढल्या, पदर सारखा केला, पाटापुढे बसल्या. कुंकू लावलं, हात जोडले. मॅनेजर पुढे धावला, “मावशी, पूजा भाऊसाहेबाइच्या हातून हाय!”

“मंग देवाले सांग थांबाले. माहा व्यापारी थांबत नाही.”

उंबऱ्याशी नारळ फोडला आणि मला म्हणाल्या, “ताई, लावा बटन.”

लावलं. सर्व्हर उठला, पण पीएचपी उठेना! मशीन सुरू झालं की आपणहून सुरू हो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. पुन्हा संजूभाऊ! व्यापारी भिंतीला टेकून मिशीत हसत होता. “राहू द्या बाई, उशीर होऊन राहिला.” मी पीएचपी हातानं चालू केलं, पुढच्या वेळेसाठीही सांगून ठेवलं, झेंडूच्या पाकळ्या कीबोर्डवरून झटकल्या आणि पान पुन्हा उघडलं.

भाव आला. पडला नव्हता. उलट आदल्या दिवसापेक्षा चढा होता.

काकूंनी आकडा व्यापाऱ्याला मोठ्यानं वाचायला लावला. मग म्हणाल्या, “आता बोल.” तो बोलला. सौदा तिथेच, पाटासमोर, त्या भावानं झाला.

आणि नेमके तेव्हा भाऊसाहेब आले. सोबत फोटोग्राफर, गुरुजी, हारांची टोपली. चालू सर्व्हरकडे पाहिलं, फुटलेल्या नारळाकडे पाहिलं आणि ओरडले, “पूजा कोनं केली?”

मॅनेजर कपाटामागे सरकला. काकूंनी शांतपणे खोबऱ्याचा तुकडा काढून अध्यक्षांच्या हातावर ठेवला.

“ज्यायचं अवजार हाय, त्यायनं केली. घ्या परसाद.”