डोंगरावरची आवणी

सुलू, अशी जवळ ये बघू. बडोद्यात बसून कसली जवळ येतेस म्हणा, पण हे कागद हातात पडले की मोबाइल उपडा ठेव आणि शेजारी बसल्यासारखी ऐक. मी तुझ्यावर रागावले आहे. फार नाही, थोडीच. रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवतेस, त्यांच्यावर दवाचे थेंब, आणि माहेरी चल म्हटलं की तुझं एकच, "ताई, तिकडं आता बघायला काय उरलंय?" अगं, बघितल्याशिवाय कसं कळणार काय उरलंय ते? डोंगर खरवडला तेव्हा एकदा आलीस, रडलीस, आणि गेलीस ती गेलीसच.

माझं जाणं तुला आठवतं का? तू तेव्हा परकर आवरत पळणारी पोर होतीस. माझं लग्न उन्हाळ्यात झालं, पण ह्यांना शेलारला कापडाच्या लूमवर काम लागून खोली मिळेपर्यंत मी माहेरीच होते. न्यायला आले ते ऐन गवतकापणीत. वरकसावरचं, म्हणजे आपल्या डोंगरउतारावरचं गवत कापायचं, पेंढ्या बांधायच्या आणि बैलगाडीनं अंबाडी गावातल्या वखारीत पोचवायच्या, तिथनं ते मुंबईच्या तबेल्यांना जायचं. निघायच्या दिवशी सकाळीसुद्धा मी दोन भारे कापून आले होते. हे अंगणात पिशवी धरून उभे, एसटी चुकेल म्हणून सारखे घड्याळात बघतायत, आणि आई माझ्या पायाशी बसून लुगड्याच्या काठातली कुसळं काढतेय. एकेक करून.

"अशी जाशील व्हय गो सासरला? लोकं म्हनतील, पोरगी दिली का गवताचा भारा दिला?"

तोंडानं घाई करत होती आणि हात मात्र सावकाश चालवत होती. तेव्हा मला तिचा राग आला होता. आता कळतं की तिला मला अजून थोडा वेळ धरून ठेवायचं होतं. शेवटी दादा ओरडला, "आये, सोड तिला, गाडी आली!" तेव्हा कुठं उठली. अर्धी कुसळं काठात राहिलीच.

शेलारच्या चाळीत आले तर लूमचा खडखडाट असा की शेजारणीशी खुणांनी बोलायचं. तिथं मी सुताच्या कांड्या भरायला शिकले. शिफ्ट शिकले, ड्युटी शिकले, सेठ कुणाला म्हणायचं ते शिकले. शाळा माझी चौथीत सुटलेली, पण भज्यांच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून वाचायला पक्की झाले. हिंदी शिकवली शेजारच्या खालानं. तिचं गाव रेल्वेनं दोन दिवसांवर, माझं एसटीनं तासाभरावर, पण हुरहूर दोघींची सारखीच. काठातली कुसळं मोरीच्या मागं पडली असणार, कारण पुढच्या पावसात तिथं गवताचा चांगला झुबका आला. हे म्हणाले, उपटून टाक. मी नाही उपटला. खालाच्या बकरीनं मात्र एका दुपारी तो बुडापासून फस्त केला. खाला माफी मागायला शेवयांचा डबा घेऊन आली. तिथनं आमचं जे जमलं ते तिच्या शेवटापर्यंत. तिची नात नसीम माझ्याच पायांवर न्हालेली. हे नाव लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

डोंगराचं तर तुला ठाऊकच आहे. ती वरकस जमीन काकांच्या मुलांच्या वाटणीला गेलेली. त्यांनी मुरूम काढायला दिली. तिकडं दापोड्याला गोडाऊनं उभी राहतात, त्यांच्या भरावात आपला डोंगर डंपरनं गेला. मी गेले, तू गेलीस, मग डोंगरच तेवढा कशाला थांबेल, असंही एकदा मनात आलं. पण आपण गेलो त्यानं कुणाचं शेत बुडालं नाही. डोंगर सोलला गेल्यावर दर पावसात लाल चिखल दादाच्या खालच्या भातखाचरांत यायला लागला. विहिरीचं पाणी चहासारखं दिसायचं. दादानं दोन वर्षं फावड्यानं चिखल उपसला. मग एजंट घरी यायला लागला, शेत द्या म्हणून. दादा मला फोनवर म्हणाला, "शांते, अजून एक पावसाळा बगतो. माती न्हाय थांबली तर सही करतो. माजं पन वय झालं आता." शेत गेल्यावर तो घर तरी कुणासाठी ठेवणार? आपलं माहेर म्हणून जे काय शिल्लक होतं, ते त्या एका पावसाळ्यावर येऊन ठेपलं होतं. तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू फोनवर रडतेस आणि मला मग चपात्या लाटवत नाहीत.

मुरूम काढून झाला की उतार सावरून द्यायचा अशी म्हणे अट होती. पहिल्या ठेकेदारानं सुबाभूळ लावली, लॉनचे हिरवे तुकडे गालिच्यासारखे अंथरले आणि फोटो काढले. होळीपर्यंत सगळं वाळून गेलं. मग काम दुसऱ्यांकडं गेलं, आणि त्यांच्यात कोण निघावी? आपली नसीम! वनस्पतिशास्त्र शिकलेली, पायात मोठे बूट, डोक्यावर ओढणी, हातात वही. माझ्या दारात येऊन म्हणते, "आजी, आपका मायका अंबाडी के पास है ना? चला माझ्याबरोबर. गवतांची पुस्तकातली नावं मला येतात, मला तुमची पाहिजेत."

सुलू, त्या पोरीचं काम बघायला हवं होतंस तू. आल्या आल्या तिनं काहीच लावलं नाही. शेजारचा न खरवडलेला डोंगर आहे ना, तिथं पंधरा दिवस नुसती फिरली. नुसत्या दगडावर कोण उभं आहे, ओघळीत कोण आहे, बकरी कशाला तोंड लावत नाही, सगळं वहीत. म्हणायची, "जो पडोस में नहीं उगता, वो यहाँ नहीं लाना." मी तिला पवन्या गवत दाखवलं, गुरं कशी त्याच्यासाठी दावं तोडतात ते सांगितलं, आणि म्हटलं सगळीकडं हाच लाव. ती म्हणाली, पहिल्यांदा कुसळी. मला हसू आलं. अगं, कुसळी म्हणजे वखारवाला नाक मुरडायचा ते गवत! पिकलं की गुरांच्या तोंडात टोचतं. पण तिनं मला वाकून बघायला लावलं. शेजारच्या डोंगरावर जिथं नुसता मुरूम होता तिथं कुसळीच पाय रोवून उभी होती आणि तिच्या बुडाशी चिमूटभर माती साठली होती. त्या मातीत मग पवन्या. माहेरी इतकी वर्षं ते गवत कापलं, त्याच्या पायाशी कधी बघितलं नव्हतं मी. ओघळीत वाळा आणि कडेनं निगडी नि कुड्याची झुडपं, कारण त्यांना बकरी विचारत नाही, हेही तिचंच.

आणि मग मी घोळ घातला.

बी आणलं आम्ही अंबाडीच्या एका जुन्या वखारीतनं. तिथं गवताच्या थरांखाली जमिनीवर जो भुसा साचतो त्यात बीच बी असतं, ही अक्कल माझी, आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं. त्या कौतुकानं मी चढले. नसीम म्हणत होती, आधी उतारावर आडव्या दगडांच्या ओळी घालू. मी म्हटलं, "गवत कधी कुणी पेरलंय का गं? उधळून टाक, आपोआप येतं." आपल्याकडं गवत आपोआपच यायचं ना! पण तेव्हा डोंगराला कातडी होती. आता त्या टणक मुरमावर बीला शिरायला भेगसुद्धा नव्हती. पोरीनं म्हातारीचा मान राखला आणि पोतीच्या पोती उधळली. पाऊस आला आणि पोतीच्या पोती चिखलासकट खाली गेली. दादाच्या खाचरांत.

भाताच्या वरच्या कडेला, चिखलाच्या ढिगांवर, ते गवत असं तरारून आलं, काय सांगू! दादा बांधावर उभा राहून मला म्हणाला, "शांते, तुज्या डोंगराचं टक्कल तसंच हाय, माज्या भाताला मातर दाढी फुटली." सगळे हसले. तो नाही हसला. त्या संध्याकाळी एजंटाला फोन त्यानं पहिल्यांदा स्वतःहून लावला.

मी दोन दिवस तोंड लपवून पडवीत बसले. वैनी गवत काढायला शेतात गेली, तिच्या मागं नसीम. वैनीचे हात तुला माहीत आहेत, पन्नास वर्षं भाताची रोपं उपटतायत. तण उपटायला गेली तरी सवयीनं मुळं सांभाळून उपटलं, पाण्यात झटकलं, मूठ बांधली आणि बांधावर ओळीनं ठेवली. दुसऱ्या दिवशीही त्या मुठी हिरव्यागार! नसीम ओरडत आली, "आजी, उठो! ये तो आवण है, लावणीची रोपं! तुमच्या चुकीनं नर्सरी झाली!" वैनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग लावा की डोंगरावर. भात लावतो तसंच."

गवताची आवणी! असं कुणी ऐकलंय? पाड्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "शांताकाकी, डोंगरात चिखलनी कोन करनार, तुजा दादा?" पण हसत हसत आल्या. भाताची आवणी आपण मागं सरकत करतो, तशी करायला गेलो तर दोघीतिघी घसरून खाली गेल्या. मग आडवं सरकत लावायला लागलो, खेकड्यासारखं.

दादा खालून बघत होता. बघवेना त्याला. "आगो, पानी हितनं धावतं, तितं लावून काय उपेग?" करत वर आला. पाण्याचा डोळा दादासारखा कुणाला आहे? पहिला दगड त्यानं ठेवला, मग दुसरा. तीन दिवसांत सगळ्या उतारावर दगडांच्या ओळी त्याच्या नजरेनं लागल्या आणि प्रत्येक ओळीमागं मुठीमुठीनं गवत. नसीम त्याला 'दादाजी' करून विचारायची आणि वहीत ओढायची. शिकलेली पोर, पण ज्याला जे येतं ते त्याच्याकडून घ्यायचा कमीपणा म्हणून नाही तिच्यात.

एजंट कागद घेऊन आला तेव्हा उतारावर आवण नुकतं लागलं होतं. दादा त्याला म्हणाला, "लावलेलं आवण सोडून मानूस जातो का कुटं? पिकल्यावर बोलू." सुलू, मी तेव्हा चूल फुंकत होते, तशीच फुंकत राहिले. धुराचं निमित्त झालं.

त्या वर्षी चिखल थोडाच कमी झाला. गवत पिकलं, पण कापलं नाही, बी तिथंच पडू दिलं. ह्या वर्षी मात्र खाचरांत आली ती बोटभर माती, आणि विहिरीचं पाणी इतकं नितळ की तळ दिसतोय. सगळं पहिल्यासारखं झालं असं सांगणार नाही. वरची कड अजून बोडकीच आहे, तिथं मूठ जगत नाही. पण मधल्या उतारावर वारा सुटला की लाट येते. ह्या वेळी एजंट आला तर दादानं त्याला चहा पाजला आणि डोंगर दाखवायला नेलं. तासाभरानं बिचारा पायरीवर बसून फुलपँटची कुसळं काढत होता. कागद पिशवीतच राहिले. पुन्हा नाही आला.

मला वाटायचं, माहेर म्हणजे मागं टाकून आलेली जागा. शेलारहून डोळे मिटले की दिसायची, तेवढी पुरे. आता वाटतं, जिथं आपल्या हातची मूठ रुजलीय ते माहेर. माझी रुजली, खालाच्या नातीची रुजली. तुझी राहिलीय.

तेव्हा हे वाचून झालं की तिकीट काढ. दिवाळीची वाट बघू नकोस, दसऱ्याच्या सुमाराला ये. दादानं ह्या वर्षी खालच्या पट्ट्यातली पहिली कापणी ठरवलीय, पण तू आल्याशिवाय विळा लावणार नाही म्हणतो. वरच्या कडेसाठी वैनीनं थोड्या मुठी वेगळ्या जपून ठेवल्यात, तुझ्या हातानं लावायला. येताना तो ड्रेस नको, सुती साडी नेसून ये, चांगली घोळदार. परत जाताना पायाशी बसून तुझी कुसळं मी काढीन. सावकाश काढीन, गाडी चुकली तर चुकली.