‘येतो’ म्हणून निघालेला माणूस

आमच्या घरी दुपारचा चहा तीनच्या सुमारास होतो. गेल्या दिवाळीनंतर केव्हातरी माझ्या लक्षात आले, की पत्नी ट्रेमध्ये तीन कप घेऊन येते. घरात आम्ही दोघेच. पहिल्या वेळी मी ते मनावर घेतले नाही. दुसऱ्या वेळी विचारले, "तिसरा कोणासाठी?"

ती कपाकडे पाहत राहिली. "काय जानो बा. मले वाटलं, तुमच्यासंग कोनी बसलं हाय."

"कोणीही नाही."

"मंग तुमी कोनासंग बोलून राह्यले व्हते?"

मी कोणाशीही बोलत नव्हतो. निदान माझी तशी समजूत होती. तिने तिसरा कप स्वतःच उचलला. "रिटायर झाल्यावर मानूस येकटाच बडबडते म्हनतात. तुमी तं लवकरच सुरू केलं," असे म्हणून ती हसली, मीही हसलो. पण त्यानंतरही अधूनमधून तीन कप येत राहिले, आणि ते ती मुद्दाम करत नव्हती. ट्रे खाली ठेवल्यावर तिलाच दचकायला होई.

तीन ही वेळ माझ्या ओळखीची होती. नोकरीच्या शेवटी मी बँकेच्या ज्या परदेशातील शाखेत होतो, तिथे तीनला ग्राहकांसाठी दार बंद होत असे. त्याच वेळी कधीकधी माझ्या मोबाइलवर त्याच देशातल्या क्रमांकावरून फोन येई. मी उचलला, की पलीकडून कोणी बोलत नसे. वाऱ्याने शटर हलावे तसा पत्र्याचा आवाज येई, आणि त्यामागे कोणीतरी शांतपणे बसलेले आहे असे वाटे. श्वास ऐकू येत होता, असे मी म्हणणार नाही. मला तो ऐकू येईल अशी भीती वाटत होती, एवढेच खरे.

मी बँकेत जवळजवळ तीस वर्षे काढली आणि स्वेच्छानिवृत्ती घेऊन रिसोडला परतलो. नोकरीच्या शेवटच्या काळात मी शेजारच्या देशातील आमच्या बँकेच्या त्या शाखेवर होतो. त्या देशाचे नाव मी लिहिणार नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहितो आहे ती माणसे अजून तिथेच राहतात. ती शाखा सुरू करावी असा अहवालही मीच लिहिला होता. तिथे कारभार स्थिर नव्हता, हे सर्वांना माहीत होते. तरीही आमच्याकडच्या व्यापाऱ्यांचा माल तिकडे जात होता. रिसोडचे एक जैन व्यापारी सोयाबीनची ढेप, म्हणजे तेल काढल्यावर उरलेली पेंड, तिकडच्या कोंबडीपालनासाठी पाठवीत. ते मला म्हणाले होते, "साहेब, माल जाते, पन पैसा कोन्या वाटेनं येते हे मलेच समजत नाही. आपली ब्यांक तिथं असली तं मी झोपीन तरी." त्यांचे म्हणणे रास्त होते. अहवालात मी विनिमय दराची जोखीम लिहिली, राजकीय जोखीम लिहिली, फायद्याचा अंदाज बांधला. मंजुरी आली तेव्हा मला अभिमान वाटला, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. त्या शाखेमुळे तिथल्या गावातील शिंपी, फळवाले, लहान दुकानदार सावकाराच्या दारातून सुटले. बायका आपले दागिने आणि घरांची कागदपत्रे आमच्या लॉकरमध्ये ठेवू लागल्या. स्वतःच्या सरकारवर त्यांचा विश्वास नव्हता, आमच्यावर होता.

त्या विश्वासाचे एक कारण मीच त्यांना समजावून सांगत असे. स्ट्राँगरूमच्या दाराला दोन किल्ल्या असतात. एक माझ्याकडे, दुसरी माझ्या जोडीदार अधिकाऱ्याकडे, आणि तो तिथलाच रहिवासी होता. दोन्ही किल्ल्या एकत्र लागल्याशिवाय दार उघडत नाही. "म्हणजे आम्हा दोघांपैकी कोणीही एकटा चोर होऊ शकत नाही," असे मी म्हणे. जोडीदार ते त्यांच्या भाषेत सांगे आणि बायका पदराआड हसत.

हा जोडीदार माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान, शब्दाला जपणारा माणूस. हिंदी चित्रपट पाहून शिकलेली त्याची हिंदी माझ्या वऱ्हाडी वळणाच्या हिंदीपेक्षा शुद्ध होती. तो प्रत्येक शब्द त्याच्या पूर्ण अर्थाने घेई. "पाच मिनिटांत" म्हटले, तर घड्याळाकडे पाही.

माझ्या तिथल्या शेवटच्या आठवड्यात, बंदूकवाले जवळ येत असल्याच्या बातम्या आल्यावर, मुख्य कार्यालयाने परिस्थितीविषयी विचारणा केली. मी बाजारातून फेरी मारली. दुकाने उघडी होती, तराजू टांगलेले होते. फक्त कोणी भाव विचारत नव्हते. आमच्या रिसोडच्या बाजारात भावासाठी दोन माणसे भांडली नाहीत, तर बाजार भरला असे कोणी मानत नाही. तिथे त्या सकाळी पाऊलसुद्धा वाजत नव्हते. एक शिंपी यंत्राचे पायडल चालवीत होता. सुई वरखाली होत होती, आणि तिच्याखाली कापड नव्हते. मी थांबलो तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले, पण पाय थांबवले नाहीत. परत येऊन मी कळवले: ‘परिस्थिती शांत आहे.’

तिसऱ्या दिवशी दुपारी, तीन वाजण्याच्या थोडे आधी, राजधानीतून आपल्या दूतावासाचा फोन आला. गाडी दाराशी येत आहे, दहा मिनिटांत निघा, फक्त भारतीय कर्मचारी. त्या शाखेत भारतीय कर्मचारी मी एकटाच होतो. जोडीदाराबरोबर मी स्ट्राँगरूम बंद केली. त्याने आपली किल्ली फिरवली, मी माझी. माझी किल्ली सवयीने खिशात गेली. नियमाप्रमाणे अशा वेळी ती मागे राहणाऱ्या जोडीदाराच्या हाती देऊन रजिस्टरवर दोघांच्या सह्या व्हायला हव्या होत्या. गाडीचा हॉर्न वाजत होता. मी दारात वळून म्हणालो, "अच्छा, आता हूँ."

आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. लहानपणी माझ्या तोंडून ‘जातो’ निघाले, तर आई मला उंबऱ्यावरून परत बोलावी आणि ‘येतो’ म्हणायला लावी. तेच मी त्या दिवशी हिंदीत म्हणालो. जोडीदाराने मान हलवली आणि म्हणाला, "ठीक है. मैं बैठा हूँ."

विमानतळावर तपासणी करणाऱ्या शिपायाने खिशातली लांब पितळी किल्ली हातात घेऊन विचारले, "ये क्या है?" मी म्हणालो, "घर की चाबी." माझे पहिले खोटे ते. दुसरे मी भारतात परतल्यावर लेखी केले: ‘स्ट्राँगरूमची किल्ली सहअधिकाऱ्याच्या स्वाधीन केली.’ रजिस्टर तिथेच राहिले होते. पडताळणार कोण? उलट प्रसंगावधानाबद्दल माझे कौतुक झाले. काही महिन्यांनी मी निवृत्ती मागितली. किल्ली कपाटात, स्वेटरांच्या खाली ठेवली.

या वर्षी होळीच्या आसपास, पुन्हा त्याच देशाच्या एका क्रमांकावरून, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप आला. मुलीचा आवाज होता. स्थिर, पाठ केल्यासारखा. ती माझ्या जोडीदाराची मुलगी होती.

"आप कह के गए थे कि आता हूँ. बाबा बैठे रहे. तीन दिन. शटर गिरा के, बाहर स्टूल पे. अम्मा खाना ले के जाती थी. लोग बोले, भाग जाओ. बाबा बोले, वो कह के गए हैं."

चौथ्या दिवशी बंदूकवाले आले. दार उघड म्हणाले. आपल्याकडे एकच किल्ली आहे, दुसरी ज्यांच्याकडे आहे ते येत आहेत, असे जोडीदाराने सांगितले. ते त्याला घेऊन गेले. तो सोळा दिवसांनी परतला. तोपर्यंत दार यंत्राने कापून लॉकर रिकामे केलेले होते. कोणी केले ते गावाला ठाऊक होते, पण त्यांचे नाव घेण्याची सोय नव्हती. पुढे आमच्या बँकेचे एक पत्र कोणाच्या तरी हाती लागले. दोन्ही किल्ल्या त्याच्या ताब्यात होत्या, असे त्यात लिहिले होते. माझ्याच वाक्यावरून लिहिलेले ते पत्र. दागिने गमावलेल्या घरांनी ते धरून ठेवले: दार कापले जाण्याआधी यानेच लॉकर रिकामे केले, असे ती म्हणू लागली. आता गावातील वडीलधाऱ्यांची बैठक बसणार होती. तो दोषी ठरला, तर त्याचे घर जाणार होते आणि त्याला गाव सोडावे लागणार होते. मुलीचे मागणे एवढेच होते, की खरे काय ते मी लिहून द्यावे.

मी तिला फोन केला. आधी जे विचारायला हवे होते ते न विचारता मी विचारले, "दुपारी मला फोन येतात, ते तुझे बाबा करतात का?"

ती म्हणाली, "आपका नंबर मुझे परसों मिला है. बाबा के पास फोन नहीं है. वो लोगों ने ले लिया था, वापस नहीं दिया."

मी फोन खाली ठेवला. पत्नी दारात उभी होती. तिने मुलीचा निरोपही ऐकला होता आणि माझे बोलणेही.

"कोन्ती चाबी?" तिने विचारले.

मी सांगितले. सांगायला पाच मिनिटेही लागली नाहीत, याची मला लाज वाटली. ती कपाटापाशी गेली, स्वेटर उचलले, किल्ली बाहेर काढली आणि पदराने धरली, हाताने नाही.

"इतके वर्ष हे माह्या घरात व्हतं?"

"हो."

"अन् तुमी मले सांगतलं नाही. काहून?"

"पेन्शन थांबेल. चौकशी लागेल."

"पेन्शन!" ती म्हणाली. "माहा बाप इंझोरीत हमाली करे, पन दुसऱ्याच्या घरची वस्तू रातभर ठेवे नाही. अन् तुमी साहेब! तो मानूस तिथं स्टुलावर बसून राह्यला, अन् तुमी इथं खुर्चीवर बसून चहा पेऊन राह्यले." मग आवाज खाली आणून तिने विचारले, "तुमाले वापस जाचंच नव्हतं, तं ‘येतो’ कायले म्हटलं?"

"सवयीने."

"सवयीनं म्हटलं, का त्यानं चाबी मांगू नये म्हनून म्हटलं?"

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नाही. मी तो क्षण पुष्कळदा आठवून पाहिला आहे. कधी आठवते, की किल्ली खिशात आहे हे मी विसरलो होतो. कधी आठवते, की ‘आता हूँ’ म्हणताना माझा हात खिशावर होता. दोन्ही आठवणी सारख्याच स्पष्ट आहेत. त्यांतली एक मी नंतर बनवली आहे. कोणती, याचा निकाल माझ्याकडून लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघे वाशीमला गेलो. वकिलाने प्रतिज्ञापत्र वाचून चष्मा काढला. "साहेब, हे तुमच्याच विरोधात हाय. थोडं गोल लिहून देऊ का? ‘अनवधानाने’ टाकतो."

"नको."

"येक शब्दानं काय बिघडते?"

"एका शब्दानेच बिघडले आहे," मी म्हणालो. पत्नीने माझ्याकडे पाहिले. घरून निघाल्यापासून प्रथमच.

प्रतिज्ञापत्राची एक प्रत मी मुलीला पाठवली. सोबत किल्लीचे छायाचित्र आणि माझ्या आवाजात, हिंदीत, सगळी हकिकत. मूळ प्रत आणि किल्ली बँकेच्या विभागीय कार्यालयात पोच घेऊन दिली. किल्ली घेणाऱ्या तरुण अधिकारी बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि कोणत्या नोंदीत घ्यावी हे न कळून एका पाकिटात घातली.

बैठकीचा दिवस उलटल्यावर तीन दिवस काहीच कळले नाही. चौथ्या दिवशी मुलीचा निरोप आला. कागद चौकात मोठ्याने वाचला गेला. वाचणाऱ्याने दोनदा वाचावा, अशी एका म्हातारीने मागणी केली. तिचे मुलीसाठी ठेवलेले दागिने त्या लॉकरमध्ये होते. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर ती उठून गेली. मग एकेक घर उठले. जोडीदारावरचा आरोप मागे घेतला गेला. घर राहिले. माफी मात्र त्यांच्याकडे कोणी मागितली नाही.

"बाबा काय म्हणाले?" मी फोन करून विचारले.

"आपकी आवाज़ उनको नहीं सुनाई," ती म्हणाली. "कागज़ सुना. फिर बोले, ये कागज़ घर के अंदर मत लाना. बाहर किसी के यहाँ रख दो."

तो कागद आता शेजारच्या पीठ दळणाऱ्याच्या दुकानात आहे. तिने सौम्यपणे एवढेच आणखी सांगितले, की यापुढे मी फोन करू नये. मी ‘बरे’ म्हणालो. दुपारचे ते फोन कोणाचे होते, हे मला अजून कळलेले नाही.

बँकेची नोटीस गेल्या सोमवारी आली. खोटे निवेदन दिल्याबद्दल खुलासा मागवला आहे आणि पेन्शनबाबतचा निर्णय राखून ठेवला आहे. खुलाशासाठी पंधरा दिवस आहेत. मी त्यात काय लिहायचे ते पत्नीने विचारले नाही. तिने फक्त टेबलावरचा पसारा आवरून मला बसायला जागा करून दिली. मी पहिली ओळ लिहिली आहे: आरोप मान्य आहे. त्याच्यापुढे काही जोडावे, असे अजून काही सुचलेले नाही.