आलुबोंडे आणल्याशिवाय प्रवेश नाही

आमच्याकडे कापूस वेचून आला की भाव चढेपर्यंत घरातच ठेवतात. आधी एक कोपरा, मग अर्धी खोली, आणि शेवटी पाहुणा आला तर त्यालाही कापसावरच बसवायचं. 'राळेगावचे पोट्टे' या आमच्या मोबाईलवरच्या ग्रुपचे किस्से माझ्याकडे तसेच साठत गेले. आता बसायला जागा उरली नाही, म्हणून थोडे बाहेर काढते.

पोट्टे म्हणजे पोरं. यातले सगळे पोट्टे पन्नाशी ओलांडलेले, राळेगावच्या एकाच शाळेतले, एकाच वर्गातले. त्यात मीही आहे. बाकीच्या मुली पहिल्याच आठवड्यात, टॅक्सवरून वाद पेटला तेव्हा ग्रुप सोडून गेल्या. मला जाता आलं नाही, कारण वाद घालणाऱ्यांपैकी एक जण माझ्या शेजारी सोफ्यावर बसून टाइप करत होता. अरुण. आधी वर्गमित्र, नंतर नवरा. लग्नाआधी हे सगळे मला 'ए सुनंदे' म्हणायचे. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून 'वहिनी'.

अरुण गेल्या हिवाळ्यात गेला. तो गेला तेव्हा ग्रुपच्या बाहेर होता. अ‍ॅडमिननं त्याला काढलेलं होतं. हे अ‍ॅडमिनला सोसत नव्हतं आणि मलाही नाही. पण ते शेवटी. आधी बाकीचं सांगते, कारण बाकीचं गमतीचं आहे.

* * *

अ‍ॅडमिन म्हणजे गजानन राठोड. तांड्यावर त्याची शेती आणि राळेगावात बियाण्या-खतांचं दुकान. त्याचं मत असं की ज्याच्यापाशी जास्त आहे त्यानं जास्त भरावं आणि दवाखान्याच्या दारात कोणाला पैसे विचारू नयेत. अरुण यवतमाळात सरकारी नोकरीत होता, आम्ही तिथंच राहतो. टॅक्स कापूनच पगार हातात पडायचा. त्याचं मत असं की प्रत्येकानं आपलं आपण पाहावं. तब्येत सांभाळावी, विमा काढावा आणि फुकट काही घेऊ नये.

"तू टॅक्स भरत नाही, तं बोलतो कायले?" अरुण लिहायचा. "शेतकऱ्याले इन्कम टॅक्स माफ."

"खताच्या पोत्यावर भरतो," गजानन लिहायचा. "साबणावर भरतो. काल तुले चहासंगं बिस्किट दिलं, त्याच्यावरबी भरला. तुह्या तोंडात माहा टॅक्स गेला."

दोघं पाचवीपासून एका बाकावर बसायचे. बाक बदलला, भांडण तेच राहिलं.

भांडण हाताबाहेर जाऊ नये म्हणून गजाननने एक नियम केला. टॅक्सवर, सरकारवर, श्रीमंतांवर वाटेल ते बोला. पण कोणी वैयक्तिक टीका केली की तो बाहेर. परत यायचं असेल तर रविवारी सकाळी गजाननच्या दुकानावर गरम आलुबोंडे घेऊन जायचं. हजर असतील तेवढे पोट्टे बियाण्याच्या पोत्यांवर बसून खातील. खाऊन झालं की गजानन हात पुसेल आणि मग बटण दाबेल.

"असं कुठल्या कायद्यात आहे?" अरुणने विचारलं होतं.

"चटणीसंगं वाचून दाखवतो. तू ये तं सही."

अरुणइतका या कायद्यात कोणी सापडला नाही. एकदा राळेगावला गेले असताना तिथल्या आलुबोंड्याच्या हॉटेलवाल्यानं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "ताई, साहेब बरे आहेत ना? दोन रविवार झाले, भांडले नाहीत."

* * *

आमच्यात सगळ्यात श्रीमंत विनोद. पुण्यात त्याची कंपनी आहे. तिकडे राहून त्याचं बोलणंही धुतल्यासारखं झालं. एकदा त्यानं मोठा निबंध लिहिला. संपत्ती निर्माण करणाऱ्यांचा देशानं आदर करायला हवा, त्यांच्यावर जास्त कर लादला तर ते देश सोडून निघून जातात, वगैरे.

गजाननने एवढंच लिहिलं, "तू तं राळेगाव सोडून गेला. तुले इथं कोणता टॅक्स लागला होता?"

विनोदने चिडून गजाननच्या दुकानाचा, तांड्याचा आणि गणिताच्या मार्कांचा उद्धार केला. पुढच्या मिनिटाला तो बाहेर होता.

आता पुण्याहून आलुबोंडे आणायचे कसे? विनोदने हॉटेलवाल्याला फोन केला, मोबाईलवरून पैसे पाठवले आणि पार्सल दुकानावर पोचवायला सांगितलं. गजाननने ते परत पाठवलं. "पैसा पाठवून भागत असतं तं नियम कायले केला असता?"

पंधरा दिवस गेले. एका रविवारी दुकानासमोर सायकलरिक्षा थांबली आणि तीतून विनोदची आई उतरली. काकूंना चालायला त्रास होतो. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कागदाचं पार्सल.

"गजा, हे घे. अन् माह्या पोराले आत घे."

"काकू, तुम्ही कायले आल्या? तो येईन दिवाळीत."

"दिवाळीले वेळ आहे. रोज फोन करून मलेच टॅक्सचं सांगून राह्यला," काकू म्हणाल्या. "त्याच्यापाशी सगळं आहे रे, पण भांडाले कोणी नाही."

गजाननने काकूंच्या पाया पडून विनोदला आत घेतलं. त्याच दिवशी नियमात दुरुस्ती झाली. घरच्या माणसानं आणले तरी चालतील.

* * *

श्रीकांत डॉक्टर आहे. यवतमाळात त्याचा मोठा दवाखाना आहे. ग्रुपवर तो कधी शब्द लिहीत नाही. रोज सकाळी एक गुलाबाचं चित्र पाठवतो, दवबिंदू असलेलं.

एकदा दवाखान्याच्या बिलांवरून रान पेटलं. गजानन म्हणे लूट आहे. विनोद म्हणे मशिनींच्या किमती बघा. अरुण म्हणे विमा काढला नाही तर रडू नका. सगळं बोलून झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की आपल्यात एक डॉक्टर आहे.

अरुणनेच सरळ विचारलं. "श्रीकांत, वर्गातला मित्र म्हणून सांग. बिलं जास्त लावतात की नाही?"

सगळे वाट पाहत बसले. वर 'श्रीकांत लिहीत आहे' असं दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. पुन्हा दिसायचं, पुन्हा नाहीसं व्हायचं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं.

गुलाब.

गजाननने खाली लिहिलं, "भाऊ, याचं बिल नको पाठवजो."

अरुण मात्र तो प्रश्न विसरला नाही. सणावाराला, वाढदिवसाला, कोणाच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेखालीसुद्धा तो लिहायचा, "श्रीकांत, उत्तर बाकी आहे." प्रत्येक वेळी गुलाब यायचा.

* * *

अरुण रोज सकाळी लोहाऱ्याच्या रस्त्यानं चालायला जायचा. घरी आला की किती चाललो त्याचा मोबाईलमधला फोटो ग्रुपवर टाकायचा आणि खाली गजाननसाठी एक ओळ, "तब्येत ही ज्याची त्याची जबाबदारी." गजानन खर्रा खातो. पन्नीत सुपारी-तंबाखू घोटून घेतल्याशिवाय त्याचं दुकान उघडत नाही.

एके दिवशी गजाननने आपल्या चालण्याचा फोटो टाकला. अरुणच्या कितीतरी पुढे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अरुण अस्वस्थ झाला. त्यानं घरापासूनची वाट लांबवली. संध्याकाळीही जायला लागला. पाय शेकायला मी गरम पाणी द्यायची, तेव्हा म्हणायचा, "खर्रा खाऊन माणूस एवढा चालतोच कसा?"

आठवड्याच्या शेवटी गजाननने आणखी एक फोटो टाकला. सोयाबीनच्या तासात डवऱ्यानं कोळपणी चाललेली आणि पांढऱ्या बैलाच्या गळ्यात घुंगरांशेजारी, फडक्यात बांधलेला मोबाईल.

अरुण बराच वेळ त्या बैलाकडे पाहत राहिला. मग त्यानं लिहिलं, "त्याले विचार, खर्रा खाते काय?"

"नाई खात," गजाननचं उत्तर आलं. "म्हणून तं तुह्या पुढं आहे."

* * *

गजाननच्या आईला सगळे याडी म्हणतात. तांड्यावर आईला याडीच म्हणतात. शाळेत असताना आम्ही तिच्या हातची भाकर खाल्लेली, त्यामुळे ती आमचीही याडीच. दोन वर्षांपूर्वी याडीचं नागपूरला मोठं ऑपरेशन झालं. सरकारी योजनेत झालं.

त्या दुपारी ग्रुपवर कधी नव्हे एवढं भांडण झालं. फुकट उपचार हा हक्क की मेहेरबानी? अरुण लिहायचा, गजानन उलट लिहायचा. एकामागून एक, श्वास घ्यायला जागा नाही. घाबरून विनोदनं पुण्याहून मला फोन केला.

"वहिनी, या दोघांना आवरा. चाळीस वर्षांची मैत्री तुटेल. गजाननची आई दवाखान्यात आहे आणि अरुणला हे सुचतंय? तो आहे कुठे?"

"नागपूरला."

"नागपूरला कशाला?"

"ऑपरेशन थिएटरबाहेर बसलाय. गजाननशेजारी, एकाच बाकड्यावर. पहाटेच्या एसटीनं सोबत गेलेत."

विनोदनं विचारलं, "मग तोंडानं का नाही भांडत?"

"तिथं बोलायला मनाई आहे," मी म्हटलं.

* * *

आता शेवटचं भांडण.

विषय तोच, फुकटाचा. गजाननने लिहिलं होतं की ज्याच्या घरी महिन्याला पगार येतो त्यालाच फुकटाचा राग येतो. अरुणला ते लागलं. त्यानं लिहिलं, "याडीचं ऑपरेशन कोणाच्या टॅक्समधून झालं, ते एकदा विचार तिले."

मग ती बारीक करडी ओळ आली. गजाननने अरुणला काढलं.

अरुणने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरोबर केलं त्यानं," म्हणाला. "मी असं लिहायला नको होतं. रविवारी जातो. याडीसाठी वेगळे बांधून घेतो, बिनमिरचीचे."

शुक्रवारी सकाळी तो नेहमीसारखा चालायला गेला. लोहाऱ्याच्या रस्त्यावर एका पुलावर जरा टेकला, आणि तिथून लोकांनी त्याला आणलं. रोज चालणारा माणूस. सुपारीचं खांडही न खाणारा. विमा काढलेला.

रविवारी राळेगावचे पोट्टे आमच्याकडे आले. गजानन दाराशी चपला काढून तिथंच उभा राहिला. मी बोलावलं तेव्हा आत आला.

त्यानंतर ग्रुपवर कोणी भांडलं नाही. बजेट आलं आणि गेलं, कोणी काही लिहिलं नाही. रोज सकाळी फक्त गुलाब यायचा. मी अरुणचा फोन चार्ज करत राहिले. मुलगा म्हणाला, "आई, बाबांचा नंबर बंद करू या." मी ते सहज गजाननला सांगितलं.

"बंद नका करू वहिनी," तो घाईघाईनं म्हणाला. "तो अजून बाहेर आहे."

विनोदने त्याला समजावून पाहिलं, की एक बटण तर दाबायचं आहे, घे ना त्याला आत. गजानन म्हणाला, "दाबाले गेलो होतो. हात होत नाही. जनमभर म्हणे, फुकट काही घेऊ नये. फुकटात आत घेतला तं पह्यले तोच भांडन."

* * *

गेल्या रविवारी मी सकाळची एसटी धरली. कळंबला गाडी थांबली, तेव्हा खिडकीतूनच तिथल्या चिंतामणी गणपतीला हात जोडले. राळेगावला उतरून हॉटेलवर गेले. घाणा नुकताच निघाला होता. हॉटेलवाल्यानं मला ओळखलं. काही न विचारता बांधून दिलं. याडीचे वेगळे, बिनमिरचीचे.

दुकानात गजानन होता आणि पोत्यांवर दोघं-तिघं बसलेले. मी पार्सल काउंटरवर ठेवलं.

"घरच्या माणसानं आणले तर चालतात ना?" मी विचारलं.

गजाननने पार्सल जवळ ओढलं. मग त्यानं दोरा सोडला, कागद पसरला, सगळ्यांना दिले. स्वतः एक घेतला आणि सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. याडीची पुडी बाजूला ठेवली. फडक्याला हात पुसले. मोबाईल घेतला.

माझ्या पर्समध्ये अरुणचा फोन वाजला.

पुण्याहून विनोदनं लगेच लिहिलं, "आला का? मग माझं ऐक. श्रीमंतांवरच्या करावर तू गेल्या वर्षी जे बोललास ते साफ चूक होतं." कोणीतरी लिहिलं, "ये बे." आणि मग वर दिसलं, 'श्रीकांत लिहीत आहे'. नाहीसं झालं. पुन्हा दिसलं. दुकानात सगळे आपापल्या मोबाईलवर वाकले.

श्रीकांतचे शब्द आले. ग्रुपवरचे त्याचे पहिले शब्द.

"अरुण, हो. जास्त लावतात."

मी पर्समधून अरुणचा फोन काढला. चष्मा लावला. आणि त्या फोनवरून एक गुलाब पाठवला.

काउंटरपलीकडे गजाननने तो पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही. मान खाली घालून बराच वेळ एका बोटानं टाइप करत राहिला.

"डॉक्टरले गुलाब पाठवणं म्हणजे वैयक्तिक टीका. पुढच्या रविवारी आलुबोंडे."

आणि त्यानं अरुणला ग्रुपमधून काढून टाकलं.