ओंकारचा डावा हात

चिखली गावठाणातले यशवंतराव कुणावर पटकन विश्वास ठेवत नसत. दूधवाल्यानं दूध म्हशीचं आहे म्हटलं तरी ते बोटावर थेंब घेऊन बघत. वायरमननं लाईट तासाभरात येईल म्हटलं की हे खांबाखाली जाऊन उभे राहत. रंभाबाई सांगत, "लग्नात अंतरपाट धरला तवा बी ह्यांनी वाकून बघितलं व्हतं, पलीकडं मीच हाय का दुसरी." लोक हसत. यशवंतराव हसत नसत, कारण त्यांनी खरंच बघितलं होतं.

हा स्वभाव प्रेसवर घडला होता. घरची शेती कारखान्यांत आणि प्लॉटिंगमध्ये गेली, तेव्हा ते भोसरीच्या एका वर्कशॉपला लागले आणि निवृत्त होईपर्यंत पत्रा कापायची पॉवर प्रेस चालवली. पत्रा साच्यात ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, वरून रॅम, म्हणजे जड लोखंडी दट्ट्या, खाली येतो, तुकडा पडतो. पुन्हा पत्रा. साच्यात काही अडकलं तर ते स्वतः स्विच बंद करत, स्वतः रॅमखाली ठोकळा लावत आणि मगच हात घालत. "बंद केलंय रे" असं दुसऱ्यानं सांगितलेलं त्यांना चालत नसे. बाकीचे चेष्टा करत. पण निवृत्त झाले तेव्हा त्यांची सगळी बोटं जागेवर होती. त्या खात्यात अशी माणसं थोडी.

जावई कुलदीपचं तसं झालं नाही. तो लातूरकडचा, चाकणला एका छोट्या कंपनीत प्रेसवर. त्याचा डावा हात साच्यात सापडला. दोन बोटं गेली, तळव्यावर मांडीची कातडी लावली. चाकणच्या खोलीवर एकट्या अंजलीला त्याचं सगळं निभेना, म्हणून ती त्याला घेऊन माहेरी, यशवंतरावांकडं आली.

सासरवाडीला राहणं कुलदीपला जड जात होतं. अर्ध्या भाकरीवरच तो हात धुवायचा. गल्लीत कुणीतरी "काय पाव्हणं, मुक्काम वाढला जणू?" म्हणालं, तेव्हापासून तो दिवसा बाहेर पडेना.

त्याला आधार होता तो मोबाइलवरच्या एका ग्रुपचा. दवाखान्यात ओळख झालेल्या एका पेशंटच्या बायकोनं तो काढला होता. नाव 'उभारी'. हात-बोटं गेलेले कामगार त्यात होते. दर रविवारी कुणीतरी आपली बरं झाल्याची गोष्ट टाकायची आणि बाकीच्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवायची. एकजण शर्टाची बटणं लावायला शिकला. एकानं गाडीचा क्लच दाबून दाखवला. कुलदीप ते पुन्हा पुन्हा बघे आणि रबरी चेंडू दाबायला घेई. रंभाबाईंना ग्रुप आवडला. यशवंतरावांना नाही.

"समदेच बरे होत्यात?" ते म्हणाले. "एकाचं बी दुखत न्हाई? असा वॉर्ड म्या कुठं बघितला न्हाई."

एका रविवारी भोसरीच्या ओंकारचा व्हिडिओ आला. त्याचाही डावाच हात, जखमही तशीच. आणि तो पुन्हा प्रेसवर उभा होता. खाली लिहिलं होतं, 'डॉक्टर म्हणाले वेळ लागेल. मी म्हणालो हिंमत लागेल. भावांनो, मी परत आलो.' टाळ्या थांबेनात.

जेवताना कुलदीप म्हणाला, "पुढच्या सोमवारी मी बी जाणार हाय कामावर. सुपरवायझरचा फोन आलता."

डॉक्टरांनी हातावर जोर द्यायला अजून मनाई केली होती. अंजलीनं वडिलांकडं बघितलं. आता यांनी काहीतरी बोलावं. पण जावयाला हुकूम कसा द्यायचा? त्याला आग्रहानं वाढायचं, टॉवेल-टोपी द्यायची, पाव्हणं म्हणायचं आणि गप्प बसायचं. यशवंतरावांना एवढंच येत होतं.

"पाव्हणं," ते म्हणाले, "त्यो व्हिडिओ जरा द्या की बघाया."

पहिल्यांदा बघताना त्यांना वाटलं, जखम खोटी असेल. मग वाटलं, मालकानंच हा व्हिडिओ काढून घेतला असेल, घरी बसलेल्यांना लाज वाटावी म्हणून. मग त्यांनी चेहरा सोडला आणि फक्त हात बघितले. तसल्या प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम खाली येत नाही. हात साच्याबाहेर राहावेत म्हणूनच ती सोय. ओंकारचा उजवा हात पत्रा सरकवत होता आणि उजवं बटण दाबत होता. डावा कमरेपाशी नुसता होता. तरी रॅम खाली येत होता.

"लबाड हाय," यशवंतराव पुटपुटले.

"काय झालं मामा?" कुलदीपनं विचारलं.

"काय न्हाई. डोळं दुखाया लागलं."

अंजलीकडून त्यांनी कुलदीपच्या ग्रुपमधला ओंकारचा नंबर घेतला, त्याला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षानं भोसरी गाठली. ओंकारनं शिफ्ट सुटल्यावर वर्कशॉपजवळच्या टपरीवर यायला सांगितलं होतं. यशवंतरावांच्या डोळ्यांपुढं गळ्यात चेन घातलेला, गोडबोल्या माणूस होता. टपरीवर बसला होता एक हडकुळा पोरगा. उजव्या हातात चहा, डावा हात पँटच्या खिशात.

"हात दाव," यशवंतराव म्हणाले.

"काका, आधी बसा तरी. चहा सांगू?"

"हात दाव आधी."

ओंकारनं हात काढला. खोटं काही नव्हतं. तळव्यावरची नवी कातडी तुकतुकीत होती आणि एका कडेला फाटून ओलसर झाली होती.

"झालं समाधान?"

"न्हाई. डाव्या बटणाला काय लावलंय?"

ओंकारनं टपरीवाल्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "प्रेसवाले दिसताय."

"काय लावलंय, त्ये सांग."

"पाचर. लाकडाची. बटण दाबलेलंच राहतं मग. सगळेच लावतात काका, काम उरकतं. तुमच्या वेळी लावत नव्हते?"

"लावत व्हते. त्यांचं हात बी बघितल्यात म्या."

"मग मी काय करू? बटण दाबलं की कातडी फाटते. मालक म्हणाला, येतोस की दुसरा बघू?"

"आन् व्हिडिओ? मालकानंच काढाया लावला ना?"

"नाही हो!" ओंकार दुखावला. "आईसाठी काढला. ती गावाकडं रडत बसलेली. मग म्हटलं, ग्रुपवरही टाकू. मी नुसता भिंतीकडं तोंड करून पडून असायचो काका. त्या लोकांच्या गोष्टी बघून उठलो. आपणही काहीतरी द्यायला नको?"

यशवंतराव चोर पकडायला आले होते. याच्याशी कसं बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

"मंग पाचर बी लिहायची व्हती," ते शेवटी म्हणाले.

"पाचर लिहून टाळ्या कोण देतं? आणि मालकाला कळलं तर तो मला ठेवील का?"

"तुझं बघून माझा जावई सोमवारी प्रेसवर चाललाय. त्याचं बी तसंच झालंय, डावा हात."

ओंकारनं चहा खाली ठेवला. हात पुन्हा खिशात घातला आणि उठून गेला.

घरी येताना यशवंतराव खुशीत होते. पुरावा मिळाला होता. सोप्यात बसून त्यांनी कुलदीपला सगळं नीट समजावलं. बटणं, पाचर, फाटलेली कातडी. "बगा पाव्हणं, गोष्ट अर्धी सांगितली त्यानं. तुमी फसलात."

"बाई बाई!" रंभाबाई म्हणाल्या. "बरं झालं गेलात त्ये."

कुलदीप चेंडूशी चाळा करत होता. म्हणाला, "मामा, मी बी प्रेसवालाच हाय की. ते मला पहिल्यांदा बघतानाच दिसलं."

"काय दिसलं?"

"पाचर. म्हणून तर धीर आला. एका हातानं जमायलंय म्हटल्यावर आपल्याला का जमू नये?"

यशवंतरावांनी भोसरीच्या पोरावर संशय घेतला, त्याच्या मालकावर घेतला, सगळ्या ग्रुपवर घेतला. समोर बसलेल्या माणसावर घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आता आलं.

"हात गेला तवा," त्यांनी सावकाश विचारलं, "तुमच्या मशिनला पाचर व्हती?"

अंजली दारातच थांबली. कुलदीपनं मान खाली घातली.

"होती."

"कुणी मारली?"

"मीच. टार्गेट होत नव्हतं."

मग यशवंतराव म्हणाले, "कुलदीप." लग्न झाल्यापासून त्यांनी त्याला नावानं हाक मारली नव्हती. "सोमवारी जायाचं न्हाई. राग आला तर येऊ दे."

"आणि इथं किती दिवस राहू मामा? लोक घरजावई म्हणायलेत."

"म्हनू दे," रंभाबाई मध्येच म्हणाल्या. "त्यांच्या चुलीवर जेवतोस व्हय रं तू?"

"फोन लाव सुपरवायझरला," यशवंतराव म्हणाले. "इथंच. मला ऐकू यिल असा." जावयाचा शब्दही त्यांनी तसाच मानला नाही.

कुलदीपनं स्पीकर चालू केला. "साहेब, हात तयार न्हाई अजून. सोमवारचं जमणार न्हाई."

"अरे काय राव!" पलीकडून आवाज आला. "भोसरीच्या त्या पोराचा व्हिडिओ बघितला नाहीस का? सगळ्या चाकणमध्ये फिरतोय. त्याला पण एवढंच लागलंय, उभा राहिला की नाही? वेळ नाही लागत भावा, हिंमत लागते."

कुलदीप फोनकडं बघत राहिला. ज्या शब्दांवर तो उठून बसला होता, तेच आता साहेबाच्या तोंडून येत होते.

"त्याचा हात त्याचा, साहेब. माझा माझा," तो म्हणाला आणि फोन बंद केला.

"नोकरी गेली का रं?" रंभाबाईंनी विचारलं.

"गेल्यासारखीच."

रविवारी कुलदीपनं ग्रुपवर लिहिलं. उजव्या अंगठ्यानं, थांबत थांबत. 'मूठ अर्धीच होते. दुखतं. कामावर जात नाही. बटणात पाचर मारून काम करताना माझा हात गेला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.' ओंकारचं नाव त्यानं घेतलं नाही.

एकही टाळी आली नाही.

"आलं का काय?" यशवंतराव विचारत.

"न्हाई."

"वाटलंच मला."

दिवेलागणीला फोन वाजला. ओंकारनं लिहिलं होतं, 'माझीही अर्धीच होते. माझा व्हिडिओ पुन्हा बघा. डावीकडचं बटण बघा.'

कुलदीपनं मोठ्यानं वाचून दाखवलं. यशवंतरावांनी पुन्हा वाचायला लावलं.

"त्यानंच लिवलंय कशावरनं? नंबर बग."

"त्याचाच हाय मामा."

यशवंतरावांनी वाकून नंबर स्वतः बघितला. आता हे ओंकारच्या मालकापर्यंतही जाणार होतं.

"फोन लाव त्याला," ते म्हणाले. "उद्या कामावर घेत्यात का न्हाई, इचार."