तळहाताएवढं पातं

कोयता लिंबाने कितीही घासला तरी सुरमईचा वास त्याला सोडत नाही, आणि तो वास आला की मला मुलुंडच्या मागचा डोंगर आठवतो. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर मी पहिल्यांदाच रानात निघाले होते. आमच्या म्होरकीच्या कमरेला एक न मिटणारा सुरा होता, पातं जेमतेम तळहाताएवढं. मी पडले खारदांड्याची कोळीण, मला त्या सुऱ्याचाही संशय आणि तिचाही. "एवढ्याशाने बांगडा तरी कापला जाईल का गं? बिबट्या आला तर काय त्याची नखं काढणार?" असं ठणकावून मी आईचा हातभर कोयता कागदात गुंडाळून पाठपिशवीत कोंबला होता. पायथ्याचा पाडा मागे पडला आणि करवंदीच्या जाळीत काहीतरी सळसळायला लागलं. आम्ही थांबलो की तेही थांबायचं. बिबट्याच तो, माझी खात्रीच झाली! कोयता उपसायला गेले तर तो पिशवीच्या बंदांत असा अडकला की ओढून ओढून मी रडकुंडीला आले. म्होरकीने शांतपणे कमरेचा सुरा काढला, बंद कापला, कोयता मोकळा केला. तेवढ्यात जाळीतून पाड्यावरची दोन कुत्री जिभा लोंबवत बाहेर आली आणि सुरमईच्या वासाने थेट माझ्या पिशवीत तोंड घालू लागली. "वाघीणबाई, वाढा आता त्यांना," म्होरकी म्हणाली. आज नातीने विचारलं, "आजी, ट्रेकला केवढा सुरा घेऊ गं?" मी तळहात पुढे केला, "एवढाच. आणि त्याने मासळी कापू नकोस." तिने आधी संशयाने माझा हात हुंगला. माझीच नात ती!