सहा सुट्ट्यांचे सोळा दिवस

तुमसरच्या बाजारातल्या एका साड्यांच्या दुकानात मी आठवड्यातून तीन दिवस जाते. सोमवार, बुधवार, शुक्रवार. कॉम्प्युटरवर बिलं चढवायची, माल किती उरला ते बघायचं आणि हजेरीचं रजिस्टर सांभाळायचं. बाकीचे चौघे सोमवार ते शनिवार असतात. त्यांना वर्षाला बारा भरपगारी सुट्ट्या. मला? भोपळा! पाच वर्षं झाली. मी विचारलं नाही आणि शेठनी सांगितलं नाही.

विचारायची पाळी आली ती मायच्या डोळ्यामुळे. माझी माय बपेऱ्याला एकटी राहते, भाऊ तिकडे पुण्यात. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डाव्यानं तर पहिल्यापासूनच कमी दिसतं. ऑपरेशनची तारीख शनिवारची मिळाली. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे दर दोन तासांनी थेंब, चुलीजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, सोबत कोणीतरी पाहिजेच. ते कोणीतरी म्हणजे मीच. बिनपगारी गेले असते तर महिन्याचा अर्धा पगार बुडाला असता, तोही नेमका औषधांच्या महिन्यात. आणि दर फोनला "सुट्टीच नाही भेटत ना माय, काय करू" हे माझं ठरलेलं वाक्य. या वेळी तेच ऐकवलं असतं तर ती ऑपरेशनच नको म्हणाली असती.

तर एका बुधवारी शेठ चहा पीत बसलेले बघून मी सरळ विषय काढला.

"शेठ, माह्या सुट्ट्यांचं काय?"

"तुमाले कायची सुट्टी, ताई? पार्ट टाइमवाल्या तुमी. हप्त्यातले चार दिवस तं सुट्टीवरच असता!"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! त्यात दुकानातली पोरं गालातल्या गालात हसली.

"त्या चार दिवसांचा पगार देता का शेठ तुमी मले? नाही ना? मंग त्या दिवसांचं नावच नोका काढू. सहा दिवसवाल्याले बारा सुट्ट्या, तं तीन दिवसवालीले किती?"

शेठनी डोळे बारीक केले. हा माणूस एका साडीसाठी गिऱ्हाइकाशी पाऊण तास घासाघीस करतो, मला बरा सोडेल!

"तीन," म्हणाले.

"तीन काहून?"

"निम्मे दिवस येता म्हणून सहा. अन बाकीचे आठ वाजेपर्यंत थांबतात, तुमी लवकर जाता. म्हणून आणखी निम्म्या."

"अहो, मंग माही सुट्टी बी लवकर संपणारीच आहे ना! आठ वाजेपर्यंतची सुट्टी मी कुठं मागून राहिली?"

शेठ पंख्याकडे बघत बसले. शेवटी बाजूला साड्यांच्या घड्या घालणाऱ्या शेठाणीबाईच म्हणाल्या, "द्या ना आता सहा. बाराच्या जागी सहाच तं जाऊन राहिल्या." निम्म्यात सौदा पटल्याच्या आनंदात शेठनी स्वतः रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: सहा दिवस, भरपगारी. खाली सही. मी चेहरा असा पाडला, की त्यांनी वरून मला अर्धा कप चहा पाजला.

मी मात्र आदल्या दिवशी घरी कॅलेंडर पुढ्यात घेऊन सगळं मोजून आले होते. माझा आठवडाच मुळी तीन दिवसांचा. सहा सुट्ट्या म्हणजे पुरते दोन आठवडे, बारावाल्याला मिळतात तेवढेच! मागचापुढचा शनिवार-रविवार धरून सोळा दिवस. त्या शुक्रवारी संध्याकाळची बस धरून मी बपेरा गाठलं आणि दुसऱ्या दिवशी मायला दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करून आणलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी शेठचा फोन आला. मायच्या डोळ्यात थेंब टाकून मी हात धूत होते, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

"ताई, कुठं आहात? सहा दिवस शनिवारीच संपले!"

"तीनच संपले, शेठ. आज चौथा."

"सोमवार ते शनिवार किती होतात?"

"मंगळवार, गुरुवार, शनिवार मी तशी बी येत नाही ना. सही तुमचीच आहे, पाहून घ्या."

पलीकडे रजिस्टरची पानं उलटली, मागून शेठाणीबाईंचं हसू ऐकू आलं.

"निम्म्या सांगून पुऱ्या घेतल्या तुमी!" शेठ ओरडले.

"पुऱ्याच होत्या, शेठ. तुमाले निम्म्या दिसल्या."

फोन ठेवून मी एकटीच खो खो हसले. माय काळा चष्मा लावून खाटेवर पडली होती. तिच्याजवळ बसून मी सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. शेठ काय म्हणाले, मी कसं तोंड बंद केलं, कॅलेंडर, सही, चहा, सगळं. लेक किती हुशार निघाली, असं ती म्हणेल म्हणून वाट बघत होते.

मायनं चष्मा सारखा केला.

"म्हंजे हप्त्यातून तीनच दिवस जातेस व तू कामाले?"

"हो."

"पाच वर्षांपासून?"

"घरचं बी राहते ना माय..."

"मले वाटे, रोज जाते बिचारी. सुट्टी नाही भेटत म्हणे." तिनं चाचपडत माझा हात शोधला आणि थोपटला. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "मंग तुह्या शेठचं बराबरच हाय. चार दिवस तं तुले सुट्टीच असते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेठला ठणकावून दिलेलं उत्तर तोंडपाठ होतं, पण मायला ते देता येईना. पुढच्या थेंबांना अजून दीड तास होता, तरी मी बाटली शोधायला उठले.